पटलात बसणारी प्रथिनं: पत्त्यापेक्षा वेळ महत्त्वाची

पेशीच्या पटलातल्या (मेम्ब्रेनमधल्या) प्रथिनाचं खरं दुखणं म्हणजे पाणी. आरपार जाणारा त्याचा तुकडा साधारण 20 अमिनो आम्लांचा, ल्युसिन-व्हॅलिनसारख्यांनी भरलेला असतो. अल्फा हेलिक्समध्ये एकेका अमिनो आम्लामागे लांबी 1.5 अँगस्ट्रॉमने वाढते आणि पटलाचा तेलकट गाभा सुमारे 30 अँगस्ट्रॉम जाड असतो, म्हणून 20. हा तुकडा पेशीद्रवात उघडा पडला तर दिसेल त्याला चिकटतो, गठ्ठा होतो आणि प्रथिन वाया जातं. ‘सिग्नल पेप्टाइड (साखळीच्या सुरुवातीचा तेलकट तुकडा) म्हणजे पत्ता’ असं सांगून नोट्स मोकळ्या होतात, पण पत्ता वेळेत वाचला गेला नाही तर त्याचा काय उपयोग?

नवी साखळी रायबोझोमच्या ज्या बोगद्यातून बाहेर पडते त्यात 30 ते 40 अमिनो आम्लं मावतात. त्यामुळे सिग्नल पूर्ण बाहेर दिसेपर्यंत साखळी 60-70 ची झालेली असते, आणि आपल्या पेशींत ती सेकंदाला पाच-सहाने वाढत असते. एवढ्यात एसआरपीने (सिग्नल रेकग्निशन पार्टिकल, सिग्नल ओळखणारा कण) तिला पकडायचं. एसआरपी म्हणजे सहा प्रथिनं आणि सुमारे 300 न्यूक्लिओटाइडांचा एक आरएनए. त्यातल्या एसआरपी54 मध्ये मेथिओनिनने भरलेली खाच असते. मेथिओनिनच्या बाजूच्या साखळ्या लवचीक, म्हणून एकमेकांशी क्रम न जुळणारे सिग्नलही तिथे बसतात. अट फक्त पाण्याला टाळण्याची. एसआरपीचं दुसरं टोक भाषांतराचा वेग कमी करतं. मग ईआरवरच्या (एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलम) एसआरपीच्या ग्राहकाशी (रिसेप्टर) गाठ पडते. दोघांकडेही जीटीपी (ऊर्जा देणारा रेणू) असतो आणि तो खर्च होतो रायबोझोम सेक61 या ईआरच्या पटलातल्या वाहिनीच्या ताब्यात गेल्यावर, सुटं होण्यासाठी. साखळी ढकलायला हा जीटीपी लागत नाही. परीक्षेत इथेच गुण जातात.

सेक61 च्या वाहिनीला बाजूनेही फट असते, तिच्यातून तेलकट तुकडा लिपिडांत सरकतो. कोणतं टोक आत राहणार हे बरंचसं लायसिन-आर्जिनिन ठरवतात: धन भार पेशीद्रवाच्या बाजूला. हा नियम फॉन हाइन यांनी 1986 मध्ये मांडला.

ज्यांचा एकुलता तुकडा अगदी शेपटाकडे असतो त्यांच्या बाबतीत हे गणित बसत नाही. तो बोगद्याबाहेर येईपर्यंत स्टॉप कोडॉन येऊन गेलेला असतो. अशांना टीआरसी40 हे वाहक प्रथिन (यीस्टमध्ये गेट3) झाकून नेतं. गंमत म्हणजे सेक61 चा बीटा घटक स्वतः याच शेपटीवाल्यांपैकी.

रायबंदरसारख्या मिठागरांतल्या आर्कियावर (जिवाणूंसारख्या, पण वेगळ्या एकपेशी जीवांवर) काम करणाऱ्या आपल्या गोव्यातल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. हॅलोआर्कियाच्या (मिठात वाढणाऱ्या आर्कियाच्या) पेशीत पोटॅशियम क्लोराइड मोलर प्रमाणात असतं. त्यांची बाहेर टाकायची बरीच प्रथिनं आतच घडी होऊन टॅट मार्गाने जातात. सिग्नलमध्ये लागोपाठ दोन आर्जिनिन दिसतील. पटलातली प्रथिनं मात्र मुख्यतः एसआरपीवरच चालतात. त्यामुळे सिग्नलपी (सिग्नल शोधणारं सॉफ्टवेअर) चालवताना फक्त सेक मार्गाचा आकडा बघून थांबू नका.

आता प्रथिन पटलात गेलं का, हे बघायचा प्रयोग. सशाच्या रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये (नळीत प्रथिन बनवणाऱ्या पेशीरसात) कुत्र्याच्या स्वादुपिंडाचे मायक्रोसोम (ईआरच्या पटलाच्या छोट्या पिशव्या) सुरुवातीलाच घाला, किरणोत्सारी 35एस-मेथिओनिन द्या, 30 अंशांवर तासभर ठेवा. मग तीन वाटे करा: एक तसाच, दुसऱ्यात बर्फावर प्रथिनं खाणारं एन्झाइम प्रोटिनेज के (0.1 मिग्रॅ/मिली), तिसऱ्यात तेच अधिक पटल विरघळवणारं 1 टक्का ट्रायटन. तिसरा वाटा वगळला तर दुसऱ्यात टिकलेली पट्टी पटलामुळे टिकली की मुळातच घट्ट घडीमुळे, हे सांगता येत नाही. शेवटी एन्झाइम थांबवणारं पीएमएसएफ घालून नमुना थेट उकळत्या एसडीएस बफरमध्ये ओता. रेंगाळलात तर एसडीएसने उलगडलेलं प्रथिन उरलेलं एन्झाइम तिथेच खाऊन टाकतं.

जेलवर एक फसगत हमखास होते. सिग्नल कापला गेला की दोन-अडीच किलोडाल्टन घटतात, एक साखरेची साखळी (ती ईआरच्या आतच चढते) चढली की जवळपास तेवढेच वाढतात. पट्टी जागची हलत नाही आणि ‘मायक्रोसोम बाद’ असा शेरा पडतो. साखर कापणारं एन्झाइम एन्डो एच लावा. पट्टी खाली उतरली तर सगळं नीट झालेलं आहे.

सोडियम कार्बोनेटची (0.1 मोलर, पीएच 11.5, बर्फावर अर्धा तास) धुलाईही अशीच जपून वाचायची. पटलातलं प्रथिन गाळात (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या भागात) येतं, पण गठ्ठेही गाळातच येतात. मायक्रोसोम न घातलेली नळी सोबत फिरवली नाही तर त्या निकालाला अर्थ नाही. द्रावण त्याच दिवशी करा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरतो. मायक्रोसोम पुन्हा पुन्हा वितळवू-गोठवू नका. आपल्याकडे पावसात वीज येते-जाते, तेव्हा उणे 80 चा फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे का बघा आणि छोट्या नळ्यांत वाटून ठेवा.

प्रथिन तयार होतानाच आत गेलं की नंतर, हे पाहायला सायक्लोहेक्सिमाइडने भाषांतर थांबवून मग मायक्रोसोम घाला. एसआरपीवाल्याला आता साखर चढणार नाही. शेपटीवालं तरीही पटलात बसेल, मात्र साखर चढलेली दिसावी म्हणून त्याच्या शेपटाला ग्लायकोसायलेशनची जागा आधीच जोडून घ्यावी लागते.