पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी माझ्या लेखी अभ्यास म्हणजे वाचन. धडा वाचायचा, महत्त्वाच्या ओळी रंगवायच्या आणि परीक्षेआधी तोच धडा आणखी दोनदा वाचून काढायचा. तिसऱ्या वाचनाला सगळे ओळखीचे वाटे आणि ही ओळख म्हणजेच तयारी, अशी माझी पक्की समजूत होती. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर मात्र उत्तर पानाच्या कोणत्या कोपऱ्यात होते ते आठवे, उत्तर आठवत नसे. वाचलेले ओळखणे आणि न पाहता आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला फार उशिरा कळले.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा फरक स्पष्ट दिसतो. काही विद्यार्थ्यांनी चार सत्रांत एक उतारा केवळ वाचला. इतरांपैकी एका गटाने तो एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारेच पुढे होते. आठवडाभराने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन आपल्याला का फसवते, याचे उत्तर मला त्या पाच मिनिटांच्या चाचणीत दिसते: वाचून झाल्याबरोबर सारे येते असे वाटते, आणि त्याच भरवशावर आपण पुस्तक मिटतो.

म्हणून तास झाला की त्याच दिवशी कोऱ्या कागदावर त्यातले आठवेल तेवढे लिहावे आणि मगच वही उघडून काय सुटले ते पाहावे. पहिले काही दिवस हे फार जड जाते, कागद निम्मा रिकामा राहतो आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटून मन खट्टू होते. पण नेमके काय राहिले आहे, हे तो रिकामा भागच दाखवतो. टिपणे काढतानाही याची सोय करता येते. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पानाच्या डाव्या बाजूला रुंद समास सोडतात, टिपणे उजवीकडे लिहितात आणि नंतर त्यांवरचे प्रश्न समासात मांडतात. उजळणीच्या वेळी उजवी बाजू झाकली की प्रश्नपत्रिका तयार असते.

एका उजळणीने भागत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की पाठ केलेले विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावतो. त्यामुळे पहिली उजळणी लवकर, पुढच्या वाढत्या अंतराने, हे बरे. मी साधारण दुसरा दिवस, आठवडा आणि महिना असे टप्पे धरते आणि त्या तारखा धडा शिकवला त्याच दिवशी दैनंदिनीत लिहून टाकते, कारण 'सवड मिळेल तेव्हा' ठेवलेली उजळणी माझ्या हातून कधीच झालेली नाही.

वेळापत्रकाचे खरे दुखणे अंदाजाचे आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. मी आता कोणत्याही प्रकल्पाला मनात येईल त्याच्या दीडपट वेळ धरते, त्याचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी तारीख देते आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवते. मागे पडलेले काम तिथे जाते. तसे काही नसेल, तर त्या संध्याकाळी मी जुन्या वहीची उजवी बाजू झाकून बसते.