मीटरवर बारा व्होल्ट, तरी चाकाला ब्रेक नाही

ट्रेलर दोन धुऱ्यांचा, चारही चाकांना दहा इंची ड्रमचे नवेकोरे इलेक्ट्रिक ब्रेक. तक्रार अशी, की कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरच्या ब्रेकला वीज सोडणारी पेटी) शेवटच्या आकड्यावर नेला तरी ट्रेलर गाडीला मागून ढकलतोच. ज्याने ब्रेक बसवले त्याने चाकाजवळची वायर सोडवून मीटर लावला होता. चारही ठिकाणी बाराच्या वर. मग दोष मॅग्नेटचाच (वीज मिळाली की ड्रमला चिकटून ब्रेक लावतो तो), असं ठरवून त्याने चार नवे मागवलेही होते.

मॅग्नेट सोडवून मोजलं की ही फसगत ठरलेली. मीटरमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे सडक्या जॉइंटवरही व्होल्टेज पडत नाही. मोजायचं ते मॅग्नेट जोडलेले असताना, प्रवाह चालू असताना.

मॅग्नेट आधी तपासले. प्रत्येकी ३.२ ओहम, म्हणजे या मापाला बरोबर. वायर आणि मॅग्नेटच्या बॉडीत शॉर्ट नाही. चार समांतर जोडले की ०.८ ओहम. ट्रेलर गाडीपासून सोडवला, चाकांखाली ठोकळे लावले आणि बॅटरी थेट प्लगच्या निळ्या (ब्रेकच्या) आणि पांढऱ्या (अर्थच्या) वायरला दिली. (कंट्रोलर पल्स सोडतो, साधा मीटर त्यावर गोंधळतो; बॅटरी बरी.) डीसी क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजतो तो) यायला हवे होते तेरा-चौदा अँपियर, आले ७.४. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, मॅग्नेटच्या दोन टोकांत फक्त ५.९.

म्हणजे साडेसहा व्होल्ट वाटेतच गडप. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मॅग्नेटच्या अर्थच्या वायरला लावलं: ४.६. निळ्या बाजूला उरलेले १.९. निम्म्याहून जास्त घोटाळा अर्थकडचा होता.

प्रत्येक मॅग्नेटची अर्थची वायर धुऱ्याला स्क्रूने आवळलेली, आणि पुढे हुकाजवळ चॅसिसला रंगावरच एक स्क्रू. मधला रस्ता स्प्रिंगच्या पाट्यांतून, बुशांतून, गंजातून. दिव्यांना चालून जातं, ब्रेकला नाही. निळी वायर १ चौरस मिलिमीटरची, जॉइंट पिळून टेप गुंडाळलेले.

प्लगपासून धुऱ्यांपर्यंत ४ चौरस मिलिमीटरच्या दोन वायर टाकल्या, एक जायची, एक परतीची. चॅसिसवर भरवसा नाही. जॉइंट क्रिम्प करून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. पाटे वर-खाली होतात तिथे वायरला ढील ठेवली. धुऱ्याच्या नळीतून वायर नेली की ती आत घासून कापली जाते, म्हणून बाहेरून, धुऱ्याच्या मागच्या अंगाने क्लिपांनी बांधली. आता १३.६ अँपियर, मॅग्नेटवर १०.९ व्होल्ट.

इथेच थांबलो असतो तर अर्धंच काम झालं असतं. जॅकवर एकेक चाक पुढच्या दिशेने फिरवून ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावतो तो) पिन ओढली, तर पुढची दोन गच्च, मागची दोन ओढत ओढत फिरतात. तीच उलटी फिरवली की पटकन धरतात! तिथे उलगडलं: मागच्या धुऱ्यावर डावी प्लेट (शू आणि मॅग्नेट जिच्यावर बसतात ती) उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली होती. आखूड लायनरचा (घासणाऱ्या अस्तराचा) शू ट्रेलरच्या पुढच्या बाजूला यायला हवा. इथे तो मागे होता. चार-चार बोल्ट काढून प्लेटांची अदलाबदल केली. लायनरला ग्रीस लागलेलं नव्हतं, नाहीतर शू बदलावेच लागले असते. धुऊन भागत नाही.

मग ड्रम बसवून ताऱ्याच्या आकाराचं अ‍ॅडजस्टरचं चक्र ट्रेलरचं चाक अडेपर्यंत आवळलं आणि सुमारे दहा खाचा मागे घेतलं, अगदी हलकं घासेल इतपत. पिन ओढून तपासताना प्लग गाडीला जोडलेला नको, कंट्रोलर जळू शकतो. आणि त्या पिनची तार हुकाला नव्हे, गाडीच्या चॅसिसला अडकवायची. हुकच निसटला तर पिन ओढणार कोण?

नवे शू बसेपर्यंत वीस-तीस वेळा हलके ब्रेक मारून घेतले, मग पुन्हा अ‍ॅडजस्ट केले. कंट्रोलर आता निम्म्यावर पुरतो. मागवलेले चार मॅग्नेट खोक्यासकट परत गेले.