एक एस, एक स

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली : ‘बॉय रन्स’ आणि ‘बॉइज रन’. म्हणाल्या, घरात छत्री एकच. कर्त्याने नेली तर क्रियापदाने भिजत जायचं, तो ठेवून गेला तर क्रियापदाने घ्यायची. छत्री म्हणजे तो एस. आम्हाला फार पटलं. पुढे ‘चिल्ड्रन रन’ आलं आणि छत्री खुंटीलाच राहिली! त्यातून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ नंतर ‘इज’ की ‘आर’? शेजारी ढीगभर फ्रेंड्स उभे, मी त्यांना बघून ‘आर’ लिहायची. क्रियापदाला मात्र शेजाऱ्यांशी देणंघेणं नसतं, ते लांबच्या ‘वन’चं ऐकतं.

अजूनही घाईत माझ्या हातून ‘शी गो’ जातं आणि लेक खांद्यावरून वाकून एस टाकते. परवा मी तिला ठसक्यात सांगितलं, इंग्लंडच्या पूर्वेकडे नॉरफकच्या जुन्या बोलीत ‘शी गो’च म्हणतात.

“तू कधी गेली होती नॉरफकला?”

गेली होती. होतीस नाही.

आता माझी पाळी होती. इंग्रजीचा एस तिसऱ्या पुरुषाचा, तोही एकवचनी, तोही वर्तमानकाळापुरता. आपला स समोरच्या ‘तू’चा. ‘तू पोळी खाल्लीस’ यात ‘ली’ पोळीची आणि स खाणाऱ्याचा. आंबा असेल तर खाल्लास, आंबे असतील तर खाल्लेस. खाणारी बाई की बुवा, हे क्रियापद विचारतच नाही. एवढी कसरत आपण दुधाच्या दातांनी करतो आणि त्यांच्या एका एसला जन्मभर अडखळतो.

इंग्रजीतही ‘तू’ होता, ‘दाउ’. त्याच्या क्रियापदाला ‘एस्ट’ लागायचं. 1611च्या बायबलात पानोपानी सापडतं. मग त्यांनी लहानथोर सगळ्यांनाच ‘यू’ म्हणायला, म्हणजे अहो-जाहो करायला सुरुवात केली. दाउ गेला, त्याच्याबरोबर त्याचं शेपूटही गेलं. ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे ‘तू’ मात्र धडधाकट आहे, घराघरात आई-बाबांनाही बिनदिक्कत म्हटला जातो आहे, आणि स तेवढा गळतो आहे. ‘तू काय केलं?’, ‘तू कुठे ठेवलं?’ हिंदीच्या ‘तूने क्या किया’चा हा शेजार असावा, असा माझा संशय. लेकीच्या मते मी उगाच कीस काढते. (काढतेस, असं ती म्हणाली नाही.)

काल रात्री मैत्रिणीकडून तिचा मेसेज आला : ‘आई, तू जेवली का?’

मी उत्तरादाखल फक्त ‘स’ पाठवला.

तिकडून तीन प्रश्नचिन्हं आली आणि मग, ‘चुकून टाइप झालं का?’