लेन्सची रिंग किती फिरते हे आधी बघा

मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायची लेन्स घ्यायची म्हटलं की सगळ्यांचे प्रश्न ठरलेले असतात, अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) किती, आत फंगस आहे का, बोके, म्हणजे मागची धूसर पार्श्वभूमी, कसा येतो, कॅमेऱ्याला जोडायला अ‍ॅडाप्टर कुठला लागेल. पण फोकस रिंग किती फिरते हे कुणी विचारतच नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की मॅन्युअल लेन्स हातात घेतल्यावर ती आवडणार की महिन्याभरात कपाटात जाणार हे शार्पनेसपेक्षा जास्त ह्याच गोष्टीवर ठरतं.

फोकस थ्रो म्हणतात तो हाच, सगळ्यात जवळच्या अंतरापासून इन्फिनिटीपर्यंत, म्हणजे पार लांबच्या टोकापर्यंत जायला रिंग किती अंश फिरवावी लागते ते. काही लेन्सवर हे ९० अंशात संपतं, काहींवर १८०, सिनेमाच्या लेन्सवर तर २७०-३०० पर्यंत जातं. आता कॅमेरा डोळ्याला लावा, डावा तळवा लेन्सखाली, अंगठा आणि पहिली दोन बोटं रिंगवर, आणि फिरवून बघा. मनगट एका दमात साधारण पाव वेढा फिरतं, ताणलं तर थोडं जास्त, त्याच्यापुढे पकड सोडून परत धरावीच लागते. आणि पकड सोडली की त्या क्षणी कॅमेरा हलतो, व्हिडिओ चालू असेल तर तो धक्का सरळ फुटेजमध्ये दिसतो. म्हणजे थ्रो हा कागदावरचा आकडा नाहीये, तुमच्या मनगटाशी त्याचा थेट हिशोब आहे.

मग लहान थ्रोच चांगला म्हणायचा का? तर नाही, आणि इथे थोडं गणित करूया कारण त्याशिवाय मजा कळत नाही. जुन्या पद्धतीची साधी ५० मिमी लेन्स घ्या, जी स्क्रूसारख्या आट्यांवर अख्खी पुढे सरकते. इन्फिनिटीवरून अर्ध्या मीटरवर आणायला ती साधारण ५.५ मिमी पुढे यावी लागते. त्यातले जवळजवळ ३ मिमी फक्त अर्धा मीटर ते एक मीटर ह्या टप्प्यात जातात! म्हणजे रिंगचं अर्ध्याहून जास्त फिरणं त्या पहिल्या हातभर अंतरातच संपलं. आणि ५ मीटरपासून पार इन्फिनिटीपर्यंत, म्हणजे रस्ता, झाडं, डोंगर, चंद्र सगळं, त्याला मिळतो फक्त अर्धा मिलिमीटर. थ्रो १८० अंशाचा असेल तर हे सगळं जग १६ अंशात कोंबलेलं, आणि ९० चा असेल तर ८ अंशात. लांबचा फोकस लावताना रिंगला नुसता हात लागला की पुढे निघून जाते अशी तक्रार बरेच जण करतात ना, त्याचं कारण हे. लेन्स खराब नसते, तिथे जागाच तेवढी असते.

दुसरी बाजू चुकीला किती वाव आहे त्याची. एफ २ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर बरंच उघडं असताना, फुल फ्रेमसाठी (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) धरलं तर लेन्स पुढेमागे मिळून साधारण ०.१२ मिमी इकडेतिकडे झाली तरी फोटो शार्प दिसतो. १८० अंशाच्या रिंगवर हे जेमतेम ४ अंश होतात आणि ९० च्या रिंगवर २. दोन अंश म्हणजे बोटाची चामडी रिंगवर नुसती दबली तरी तेवढी हलते. तेच अ‍ॅपर्चर बारीक करून एफ ८ वर गेलात की हा वाव चौपट होतो, १८० च्या रिंगवर १५-१६ अंश, म्हणजे वर म्हटलेलं ५ मीटर ते इन्फिनिटी सगळं जवळपास त्यातच बसून जातं. म्हणून अ‍ॅपर्चर बंद करून लँडस्केप काढणाऱ्याला थ्रोने फारसा फरक पडत नाही, पण अ‍ॅपर्चर उघडं ठेवून माणसं टिपणाऱ्याला पावलोपावली पडतो.

माझं बरंचसं शूट गाण्याच्या बैठकांचं असतं, उजेड कमी, फ्लॅश मारायचा प्रश्नच नाही, त्यामुळे अ‍ॅपर्चर कायम उघडं. तिथलं एक उदाहरण सांगतो. तबलजी माझ्यापासून २ मीटरवर, गायिका त्यांच्या मागे ३ मीटरवर. तबलजींच्या बोटांवर फोकस आहे, समेवर येताच तो गायिकेच्या चेहऱ्यावर न्यायचाय, व्हिडिओ चालू. वरचीच ५० मिमी, ९० अंशाची लेन्स धरली तर हा सगळा प्रवास ७ अंशाचा. त्यात एफ २ वर चुकीला वाव २ अंश. म्हणजे ती हालचाल हळू, सावकाश, गाण्याच्या लयीत करताच येत नाही, फोकस टचकन उडी मारून जातो आणि मग पुढे गेलेला मागे आणा, मागे आलेला पुढे न्या, तोपर्यंत सम गेलेली असते. १८० वर तोच प्रवास १४ अंशाचा आणि ३०० वर २३ अंशाच्या आसपास. २३ अंश म्हटलं तर काहीच नाही, मनगटाला अजिबात ताण नाही, पकड सोडायला नको, आणि तरी विलंबित लयीत फोकस अलगद सरकवण्याइतकी जागा आहे. हे एकदा हाताला कळलं की मग लहान थ्रोच्या लेन्सवर व्हिडिओ करावासाच वाटत नाही.

सिनेमावाल्यांनी मोठा थ्रो उगाच नाही ठेवला. तिथे रिंग हाताने धरून फिरवतच नाहीत, लेन्सवर दाते असतात, फॉलो फोकस नावाच्या जोडणीचं चाक त्यात अडकतं आणि फोकस पुलर, म्हणजे फक्त फोकस सांभाळणारा माणूस, बाजूला उभा राहून किंवा वायरलेसवर ते फिरवतो, त्यामुळे मनगटाची मर्यादाच निघून जाते. झाइसच्या सीपी.३ किंवा कॅननच्या सीएन-ई प्राइम लेन्स घ्या, ३०० अंश फिरतात, आणि अख्ख्या सिरीजला तेवढंच ठेवलेलं असतं म्हणजे लेन्स बदलली तरी हाताला लागलेली सवय बदलत नाही. शिवाय कित्येक सिने लेन्समध्ये साध्या आट्यांऐवजी कॅम, म्हणजे वळणदार खाच असते, त्याच्या जोरावर लांबच्या अंतरांच्या खुणा जरा पसरवून घेता येतात. टेपने अंतर मोजायचं, चाकावर खूण करायची, नट त्या जागी आला की खुणेवर आणायचं, आणि दहाव्या टेकलाही ते तिथेच येणार. हे काम मला फार मोठं वाटतं. पडद्यावर नाव शेवटी कुठेतरी येतं आणि तोपर्यंत थिएटर रिकामं झालेलं असतं, पण ती माणसं चुकली तर अख्खा शॉट फुकट.

आता लहान थ्रोची बाजू. रस्त्यावर फोटो काढायचे असतील, वारीत चालता चालता काढायचे असतील, तर मोठा थ्रो ही शिक्षा आहे. समोरचा माणूस ३ मीटरवरून दीड मीटरवर येईपर्यंत तुम्ही रिंगच फिरवत बसाल. लायकाच्या एम लेन्स बघा, विशेषतः २८ आणि ३५ मिमी, त्यांचा थ्रो लहान आणि खाली बोट अडकवायला एक खाच असलेला टॅब. मुरलेले लोक टॅब कुठे आहे ह्यावरून, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच, फोकस किती अंतरावर आहे ते ओळखतात. हे जमतं कारण सगळं फिरणं एका बोटाच्या आवाक्यात आहे, पकड बदलायची नाही, मोजायचं नाही. आणि ३५ ची लेन्स एफ ८ वर असेल तर चुकीला वावही भरपूर. ह्या कामाला ३०० अंशाची लेन्स कुणी फुकट दिली तरी मी नेणार नाही.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. नुसते अंश बघून फसू नका, ते अंश कुठे खर्च झालेत ते बघा. निकॉनची जुनी ५५ मिमी मायक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स घ्या, रिंग पाऊण वेढ्याहून जास्त फिरते, ऐकायला वाटतं वा, काय निवांत फोकस होत असेल. पण ती लेन्स अर्ध्या लाइफ साइजपर्यंत, म्हणजे सेन्सरवर वस्तू निम्म्या आकाराची उमटेल इतकी जवळ जाते, त्यामुळे बहुतेक सगळं फिरणं त्या जवळच्या टोकाला गेलेलं, आणि माणसांच्या अंतराला मोजके अंश उरतात. पोर्ट्रेटला ती वापरली तर एवढा मोठा थ्रो असून रिंग अवघडच वाटते. आणि जिथे ते अंश मिळतात तिथे, म्हणजे कास पठारावर गुडघे टेकून बोटाच्या पेराएवढं फूल टिपताना, रिंग फिरवणं तसंही बाजूला राहतं, रिंग एका जागी ठेवून आपणच डोकं आणि कॅमेरा केसभर पुढेमागे करतो.

ऑटोफोकसच्या लेन्सची गोष्ट वेगळी. मोटरला पटकन पोचायचं असतं, त्यामुळे थ्रो कमी ठेवतात, आणि खूप लेन्सवर रिंग इन्फिनिटीच्या पुढेही थोडी जाते, म्हणजे रात्री तारे काढताना नुसतं टोकाला नेऊन भागत नाही. आताच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या बऱ्याचशा लेन्समध्ये रिंगचा आणि आतल्या काचेचा थेट संबंधच नाही, रिंग फक्त सिग्नल पाठवते. त्यातही मूळ सेटिंग बहुतेक वेळा असं की जोरात फिरवलं तर फोकस खूप सरकतो आणि हळू फिरवलं तर थोडाच. फोटोला हे खरंच छान आहे, भरकन जवळ न्या आणि मग हळूच जुळवा. व्हिडिओला मात्र त्रास, कारण रिंग होती तिथे परत आणली तरी फोकस तिथे परत येईल ह्याची खात्री नाही. अशी लेन्स असेल तर आधी मेनू उघडा. फुजीत लिनिअर आणि नॉनलिनिअर असा पर्याय आहे, कॅननच्या आर सिरीजमध्ये वेगावर की अंशावर ते निवडता येतं, पॅनासॉनिकच्या बऱ्याच बॉडींवर आणि निकॉनच्या झेड ९ सारख्या बॉडींवर तर किती अंश हवेत तेही ठरवता येतं, म्हणजे एकच लेन्स सकाळी ९० ची आणि संध्याकाळी ३६० ची. माझ्या मते गेल्या काही वर्षांत कॅमेऱ्यांत आलेल्या सगळ्यात कामाच्या गोष्टींपैकी ही एक आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुकानात किंवा कुणाकडून जुनी लेन्स घेताना दोन मिनिटं ह्याला द्या. कॅमेऱ्यावर लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि पकड किती वेळा सोडावी लागते ते बघा. मग अंतराच्या खुणा बघा, १ आणि २ मध्ये किती जागा आहे, ३ आणि इन्फिनिटीमध्ये किती, तुमचं काम ज्या अंतरात चालतं तिथे खुणा मोकळ्या हव्यात. फिरायची दिशाही बघा, निकॉन आणि पेंटॅक्सची कॅननच्या उलट फिरते, दोन्ही बॅगेत असतील तर ऐनवेळी हात गोंधळतो. आणि रिंग जड आहे का ते बघा, जुन्या रशियन लेन्समधलं ग्रीस घट्ट झालेलं असतं, थंडीत अजूनच आवळतं, आणि मोठा थ्रो अधिक जड रिंग म्हणजे हातात धरून काम करणं अशक्यच. ग्रीस बदलून घेता येतं, पण ह्या आट्यांना सुरुवातीच्या जागा अनेक असतात, त्यामुळे उघडताना आटे नेमके कुठे सुटले तिथे खूण करून ठेवायला मेकॅनिकला आधीच सांगा, चुकीच्या जागी बसवले तर रिंग लोण्यासारखी फिरेल पण इन्फिनिटीला फोकस लागणार नाही.