विंडोज नको होतं, मग घेतलंत कशाला?

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी एक सिस्टिम. पण कीबोर्डवर विंडोजचं बटण आहे, आणि तळहात टेकतो तिथे विंडोजचा स्टिकर होता. तो नखाने खरवडून काढला, तरी चिकट चौकोन अजून उरलाय. तो दिसला की लोक हमखास विचारतात, 'विंडोज नको होतं, तर त्यासकट घेतलंत कशाला?'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हवा तो स्क्रीन आणि हवी तेवढी रॅम असलेलं मॉडेल विंडोजसकटच मिळत होतं. लिनक्सवाले संगणक निघतच नाहीत असं नाही. डेलने २००७ मध्ये उबंटू नावाचं लिनक्स घातलेले विकायला काढले होते. पण अशी मॉडेलं मोजकी. आणि मॅकओएस हवं तर मशीनही अ‍ॅपलचंच घ्यावं लागतं.

आपण खरेदीला निघतो त्याच्या कितीतरी आधी ही निवड झालेली असते, करारांच्या कागदांवर. एकेकाळी मायक्रोसॉफ्टशी संगणक कंपन्यांचे करार असे असत की ठरलेल्या प्रोसेसरची जितकी मशिनं विकाल तितक्यांचे पैसे भरा, आत आमची सिस्टिम असो वा नसो. म्हणजे दुसरी सिस्टिम घालणाऱ्याला दोनदा भुर्दंड. कोण घालेल? १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी तडजोड झाली आणि हा प्रकार थांबवायचं ठरलं. पण तोवर सगळ्यांना एकाच सिस्टिमची सवय जडली होती.

मला त्याहून बोलका वाटतो तो बीओएसचा, म्हणजे बी नावाच्या कंपनीच्या सिस्टिमचा, किस्सा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिताचीने एक संगणक काढला, त्यात विंडोजच्या जोडीला बीओएसही होती. पण चालू केल्यावर 'कोणती हवी?' असं विचारणारा मेनूच दिसत नसे. डिस्कवर असलेली सिस्टिम जागी करायला गिऱ्हाइकाने आधी खटपट करायची! हे मायक्रोसॉफ्टच्या दबावामुळे झालं असं म्हणत बी कंपनीने पुढे तिच्यावर दावा लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक कबूल न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर बी कंपनी बुडाली होती.

मी स्वतः एकदा पैसे परत मागून पाहिले. अटी मान्य नसतील तर संगणक बनवणाऱ्याशी बोला, असं विंडोजच्या परवान्यातच लिहिलंय. बोललो. उत्तर आलं, 'परत करायचा तर अख्खा लॅपटॉप करा.' मग बायोसमध्ये, म्हणजे संगणक चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, शिरून अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट बंद केलं, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवलं. अर्ध्या तासाचं काम. वायफाय पकडायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या.

आणि कबूल करतो, विंडोज पूर्ण पुसलेलं नाही. बायोसचं अपडेट कंपनी विंडोजवर चालणाऱ्या फाइलमध्येच देते, म्हणून डिस्कच्या एका कोपऱ्यात ते ठेवलंय. वर्षातून एकदोनदा उघडतो. बटण तेवढं रोज लागतं. ते दाबलं की माझ्या लिनक्सचा मेनू उघडतो.