बीपीची गोळी तोंडावरच्या फोडांना कशी? तुम्ही विचारलंत म्हणून

साताऱ्यात आमचं मेडिकल आहे आणि काउंटरला बहुतेक वेळ मीच असते. तिथे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कधी आई विचारते, कधी मुलगी स्वतःच मोबाइल पुढे धरून दाखवते. "स्किनच्या डॉक्टरांनी पिंपल्ससाठी गोळी दिलीय, पण नेटवर बघितलं तर ही बीपीची निघाली. हार्टच्या पेशंटला देतात म्हणे. काही चूक तर नाही ना झाली?"

चूक झालेली नाही. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. लिहिलेली गोळी अंगात जाऊन काय करते, ते सांगणं माझं काम. पण मागे चार माणसं ताटकळत असतात, फोन वाजत असतो, आणि मी अर्धंमुर्धं सांगून मोकळी होते. म्हणून आज सवडीने.

गोळीचं नाव स्पायरोनोलॅक्टोन. आपल्याकडे बऱ्याच जणींना ती अल्डॅक्टोन या नावाने माहीत असते. 1960 साली अमेरिकेत ती बाजारात आली ती अंगातलं जादा पाणी काढण्यासाठी. आपल्या शरीरात अल्डोस्टेरॉन नावाचं एक हार्मोन असतं. ते मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं, आणि ही गोळी त्याला अडवते. लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालेले, हृदय थकून पायावर सूज आलेले, बीपी आटोक्यात न येणारे, असे पेशंट ती आजही घेतात. त्यामुळे नेटवर जे दिसतं ते खोटं नाही, फक्त अपुरं आहे.

पुढची गोष्ट पुरुष पेशंटांमुळे उघड झाली. गोळी चालू असलेल्या काही पुरुषांची छाती दुखायला लागली, स्तनांसारखी वाढायला लागली. कारण ही गोळी फक्त अल्डोस्टेरॉनला अडवून थांबत नाही, पुरुषी हार्मोन्स पेशीत जिथे जाऊन चिकटतात ती जागाही अडवते. पुरुषांना जो त्रास, तोच बायकांच्या कामाचा निघाला. 1970च्या दशकाच्या शेवटी शेवटी डॉक्टर ती बायकांच्या चेहऱ्यावरच्या नको असलेल्या केसांसाठी वापरून बघू लागले, आणि तिथून ती मुरमांकडे आली.

आता तुम्ही म्हणाल, बाईच्या अंगात पुरुषी हार्मोन कुठून आलं? थोडं सगळ्याच जणींच्या अंगात असतं. ओव्हरीज आणि मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथी ते बनवतात. त्वचेतल्या तेलग्रंथी ते उचलतात आणि आतल्या आत त्याचं आणखी जोरकस रूप करतात. मग तेल जास्त सुटतं, छिद्र बुजतं, त्यात जंतू वाढतात आणि फोड येतो. हे फोड ओळखू येतात. हनुवटी, जबड्याची कड, मानेचा वरचा भाग. खोलवर, ठणकणारे, तोंड न धरणारे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात उठणारे. आणि ते फक्त कॉलेजच्या मुलींनाच येतात असं नाही. दोन मुलांच्या आया, बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशीला आलेल्या बायका माझ्याकडे येतात आणि हळूच विचारतात, "या वयात कुठे पिंपल्स येतात का हो?" येतात.

"रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आले, मग हार्मोन्सचं कसं?" हाही ठरलेला प्रश्न. पुष्कळ जणींचे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मलच येतात. आवाज तेवढाच असतो, पण ऐकणाऱ्याचे कान तिखट असतात, तसं या ग्रंथींचं असतं. गोळी आवाज कमी करत बसत नाही, कानात बोळे घालते. मात्र पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तो पीसीओएसचा, म्हणजे ओव्हरी आणि हार्मोन्सच्या बिघाडाचा, संशय आहे. मग सोनोग्राफी, रक्त तपासणं हे सगळं व्हायला हवं. तिथे कधी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळीही लिहितात, आणि मग आई नव्याने हादरते, "म्हणजे हिला आता शुगर पण?" नाही हो काकू. इन्सुलिन वाढलं की ओव्हरी पुरुषी हार्मोन जास्त बनवते, म्हणून ती गोळी.

मुरमांसाठी या गोळीला अधिकृत मान्यता नाही, अमेरिकेतसुद्धा नाही. याला ऑफ-लेबल वापर म्हणतात, आणि डॉक्टरांना तो करता येतो. गोळी जुनी, स्वस्त, पेटंट कधीच संपलेलं. तिच्या मुरमांवरच्या चाचणीला पैसा घालून कुठल्या कंपनीला काय मिळणार? म्हणून दशकानुदशकं डॉक्टर ती अनुभवावर देत राहिले. शेवटी ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2023 साली छापून आले. 410 बायका, निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. लावायची मलमं सगळ्यांना चालू ठेवता येत होती. सहा आठवडे 50 मिलिग्रॅम, मग 100.

त्यातले आकडे मी तोंडपाठ केलेत, कारण काउंटरवर ते फार उपयोगी पडतात. चोवीस आठवड्यांनी गोळीवाल्या बायकांपैकी 82 टक्के म्हणाल्या की चेहरा सुधारला. औषध नसलेल्या गोळीवाल्यांपैकी तेच म्हणणाऱ्या 63 टक्के. पण बारा आठवड्यांनी हेच आकडे 72 आणि 68 होते, म्हणजे सांगण्यासारखा फरक नव्हताच. आणि आमच्याकडे बाई पंधराव्या दिवशी येते, "काहीच फरक नाही, बंद करू का?" तीन महिने झाल्याशिवाय या गोळीचा हिशेब मांडूच नये, खरा हिशेब सहा महिन्यांनी. आणखी एक गोष्ट मला त्या आकड्यांत दिसते. खोट्या गोळीवरही इतक्या जणी सुधारल्या. मुरमं मुळात कमी-जास्त होत असतात, त्यामुळे एखादीचा चेहरा कुठल्याशा लेपाने "महिन्यात साफ" झाला, तर त्याचं श्रेय लेपाला देताना जरा थांबावं.

त्या तीन महिन्यांतच घात होतो. मैत्रीण सांगते, पार्लरवाली सांगते, आणि खरं तर आमच्या धंद्यातलेही काही जण बिनदिक्कत काढून देतात, "हे लावा, आठवड्यात उजळेल." त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली जाते, फोड बसतात, चेहरा गोरा दिसतो. मग कातडी पातळ होते, लालबुंद शिरा दिसायला लागतात, केस उगवतात, आणि ट्यूब थांबवली की फोड दुप्पट जोमाने परत. आता ती कोण थांबवणार? 2018 साली अशी चौदा प्रकारची मलमं सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर केली. माझ्या काउंटरवर रिकामी, मुडपलेली ट्यूब आणून "हीच द्या" म्हणणाऱ्या बायका थांबलेल्या नाहीत, आणि मी नाही म्हटलं की त्या दुसऱ्या दुकानात जातात, तेही मला माहीत आहे.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते वेगळंच आहे. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

ही गोळी चालू असताना दिवस जाता कामा नयेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुरुषी हार्मोन अडवल्यामुळे नर गर्भाच्या लैंगिक अवयवांची वाढ बिघडलेली दिसली आहे. त्यामुळे मूल होऊ शकेल अशा बाईला ही गोळी देताना गर्भनिरोधनाचं काय, हा प्रश्न विचारायलाच हवा. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यापुढे आणा. मुलगी पंचवीसची. स्कूटीवरून येते, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये. (तो घट्ट स्कार्फ घामाने ओला होऊन हनुवटीवर दिवसभर घासतो, तेही फोडांना पोषकच, पण ते असो.) बरोबर आई. डॉक्टरांच्या खोलीतही आई, माझ्या काउंटरलाही आई. डॉक्टर विचारणार कसे आणि ती सांगणार कशी? मग तो प्रश्न सगळेच गिळतात.

आणि गोळी सुरू केव्हा होते? तर स्थळं बघायला लागल्यावर. "लग्नाचं वय झालंय, चेहरा तेवढा साफ करून द्या," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते चिठ्ठीवर छापून घ्यायला हरकत नाही. सहा महिने गोळी, चेहरा सुधारतो, लग्न ठरतं, हळद लागते. मुलगी सासरी जाताना बॅगेत चार पट्ट्या घेऊन जाते, कारण डॉक्टर म्हणाले होते की मध्येच सोडू नका. तिकडे पहिल्याच वर्षी सगळ्यांना गोड बातमी हवी असते. गोळी ऐन लग्नाच्या तोंडावर चालू असते आणि ती कधी थांबवायची ते तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून मी आता आईला म्हणते, "काकू, तेवढं बिल बघता का त्या बाजूला?" आणि मुलीला दोन वाक्यांत सांगते. बाळाचा विचार करायच्या आधी डॉक्टरांना भेटून ही बंद करायची. पाळी चुकली तर आधी टेस्ट करायची, पॉझिटिव्ह आली तर गोळी त्याच दिवशी थांबवायची आणि घाबरून न जाता डॉक्टरांकडे जायचं. काही मुली मान हलवतात. एकीने मात्र स्कार्फ खाली ओढून सरळ विचारलं, "मग मी आत्ता कुठली सेफ्टी वापरू?" मला फार बरं वाटलं.

गंमत अशी की गर्भनिरोधक गोळी हाच मुरमांवरचा दुसरा उपाय आहे. तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात मोकळं फिरणारं पुरुषी हार्मोन कमी होतं. काही पाकिटांतलं ड्रोस्पायरेनोन तर या स्पायरोनोलॅक्टोनच्याच घराण्यातलं आहे. डॉक्टर पुष्कळदा दोन्ही बरोबर देतात. मुरमंही आटोक्यात येतात, पाळी बिघडत नाही, गर्भाचा धोकाही टळतो. पण चिठ्ठीवर ते पाकीट दिसलं की आईचा चेहरा उतरतो. "कुटुंबनियोजनाची? अहो, लग्न व्हायचंय अजून तिचं!" मग ते कागदात गुंडाळून द्यायचं आणि पुढच्या महिन्यात न्यायला कुणी येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, त्या पाकिटाची लाज बाळगण्यासारखं काहीही नाही. विचारायचं ते वेगळंच विचारा. डोळ्यापुढे चमचम होऊन अर्धशिशी उठते का, घरात कुणाला पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का, सिगारेट ओढता का, बीपी आहे का. यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो.

आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल हे तिसरं प्रकरण. ते हार्मोनचं औषध नाही, तेलग्रंथीच आक्रसवतं. जबरदस्त काम करतं, पण गर्भात गंभीर व्यंग आणतं. ते चालू असताना आणि संपल्यावर एक महिना दिवस जाता कामा नयेत, रक्तदानही करायचं नाही.

स्पायरोनोलॅक्टोनबद्दलचे बाकीचे प्रश्न भराभर. लघवीला जास्त जावं लागतं, म्हणून गोळी सकाळी घेतलेली बरी. डोकं दुखतं, उठताना कधी गरगरतं, छाती जड होते, पाळी पुढेमागे होते किंवा मधेच डाग दिसतो. बरंचसं डोस कमी-जास्त केल्यावर निभतं. या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढण्याची भीती सगळ्यांना असते. मूत्रपिंड ठीक असलेल्या तरुण बाईला ती फार थोडी, तिने शहाळं प्यायलं म्हणून काही बिघडत नाही. पण घरात बीपीसाठी लो सोडियम मीठ आणलेलं असेल तर त्यात पोटॅशियमच असतं, ते डॉक्टरांना सांगा. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवीच्या इन्फेक्शनला देतात ती सेप्ट्रानसारखी गोळी, यांनीही पोटॅशियम चढतं. आणि हो, गोळी थांबवल्यावर बऱ्याच जणींना मुरमं परत येतात. गोळी मुरमं मुळापासून काढत नाही, धरून ठेवते. बरोबर मलम चालू ठेवायचं, तेच पुढे टिकतं.

घरात आजोबांची हीच पट्टी आहे म्हणून त्यातली मुलीला देऊ नका, डोस वेगळा असतो. परवा एका बाईंनी लेकीचा चेहरा सुधारलेला बघून विचारलं, "मग आता हिच्या भावालाही सुरू करू का? त्यालाही खूप फोड आलेत." मी म्हटलं, ताई, त्याला नको. वर लिहिलेलं पुरुष पेशंटांचं सगळं त्यांना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की रांगेतला माणूस वाकून बघायला लागला. त्याच्यासाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचं फेसवॉश घेऊन गेल्या.