डेनट्रीच्या जंगलात जाताय? आधी यजमानांना भेटा

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला येणारे आपल्याकडचे बहुतेक लोक ग्रेट बॅरियर रीफ बघतात आणि हाताशी एखादा दिवस उरला तर त्यात डेनट्री उरकतात. सकाळी गाडी, दुपारी केप ट्रिब्युलेशनच्या किनाऱ्यावर फोटो, रात्री परत. असं करू नका. हे जंगल ज्यांचं आहे ते लोक आजही तिथेच राहतात, आणि त्यांना न भेटता पुढे जाणं म्हणजे कुणाच्या घरात मागच्या दाराने शिरण्यासारखं आहे.

ते लोक म्हणजे पूर्व कुकू यलान्जी, इथले मूळ आदिवासी. त्यांचा या जमिनीवरचा पारंपरिक हक्क न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केला. सप्टेंबर २०२१ मध्ये डेनट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची १,६०,००० हेक्टरहून जास्त जमीन क्वीन्सलंड राज्याच्या सरकारने त्यांना परत दिली. कारभार सध्या दोघे मिळून पाहतात. या वर्षावनाला जागतिक वारशाचा दर्जा १९८८ मध्ये मिळाला तो निसर्गासाठी. इथल्या आदिवासी संस्कृतीची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद व्हायला मात्र २०१२ उजाडलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा ज्यांना आनंद झाला होता, त्यांना या घटनेचं मोल सांगायला नको.

म्हणून पहिला मुक्काम मॉसमन गॉर्ज, म्हणजे मॉसमन नदीची घळ. केर्न्सहून गाडीने सव्वा-दीड तास. गाडी तिथल्या पर्यटक केंद्रावर ठेवायची आणि तिकीट काढून त्यांच्या बसने आत जायचं, कारण वाटेत कुकू यलान्जींची वस्ती आहे. नुसतं बसचं तिकीट काढून थांबू नका. कुकू यलान्जी वाटाड्यासोबतची फेरी आधीच बुक करा. पैसे जास्त पडतात, पण अख्ख्या सहलीत सर्वात सार्थकी लागलेला खर्च तोच.

सुरुवातीला ओल्या पानांचा धूर केला जातो आणि पाहुण्यांनी त्याच्याभोवतून जायचं असतं. आमच्या वाटाड्याने एका झाडाची पानं हातावर ठेवून थोडं पाणी ओतलं आणि चोळायला सांगितलं. बघता बघता फेस आला, रिठ्याला येतो तसाच. मग गेरू उगाळून मनगटावर लावला. ब्लॅक बीन नावाच्या झाडाच्या मोठ्या बिया दाखवल्या: तशाच खाल्ल्या तर विषारी, पण चिरून, वाहत्या पाण्यात कित्येक दिवस ठेवून त्यांचं पीठ करायचं ही बायकांची विद्या. ज्या जंगलात आपण पायवाट सोडायला घाबरतो तिथे त्यांचं स्वयंपाकघर आहे, औषधं आहेत, पूर्वजांच्या जागा आहेत. ते ऐकल्यावर पुढचा सगळा प्रवास मला वेगळा दिसला.

काही जागा बघायच्या नसतात, हेही तिथेच नीट कळलं. बायकांचं पवित्र स्थान असलेला एक निळाशार डोह इन्स्टाग्रामवर फार फिरतो. तिथे जाऊ नका अशी यलान्जींची विनंती आहे. कूकटाऊनच्या वाटेवर काल्काजाका, म्हणजे ब्लॅक माउंटन, हा काळ्या शिळांचा प्रचंड ढीग आहे. तो रस्त्यालगतच्या थांब्यावरून बघा, चढू नका. किनाऱ्यावरचा गोटा, शिंपला, बी, काहीही खिशात घालू नका. माणसांचे, वस्तीचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ‘त्यात काय एवढं’ हा आपला आवडता युक्तिवाद इथे अगदी चालत नाही.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: कार्यक्रमाच्या सुरुवातीला जमिनीच्या पारंपरिक रखवालदारांचं, म्हणजे तिथल्या आदिवासींचं, स्मरण कुणीही करू शकतं, पण त्या भूमीवर स्वागत करण्याचा मान फक्त त्यांचाच.

आता व्यवहाराचं. मे ते सप्टेंबर कोरडा मोसम, तेव्हाच जा. डेनट्री नदी ओलांडायला तराफ्यासारखी फेरी-बोट आहे, गाडीसकट. पलीकडे मोबाइलला रेंज जवळजवळ नाही, त्यामुळे नकाशे आधीच उतरवून घ्या, टाकी भरून घ्या. खाड्यांत आणि किनाऱ्यांवर मगरी असतात. पाटी नसली तरी पाण्याच्या काठाशी रेंगाळू नका. नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश. गाडी हळू चालवा, कॅसोवरी हा न उडणारा मोठा पक्षी अचानक रस्त्यावर येतो. केप ट्रिब्युलेशनच्या, म्हणजे कुल्कीच्या, पुढचा ब्लूमफील्डचा कच्चा रस्ता फक्त फोर-व्हील ड्राइव्हसाठी आहे आणि भाड्याच्या गाड्यांना तो बहुधा मनाईच असतो. तो वुजल वुजल या आदिवासी गावातून जातो. डिसेंबर २०२३ च्या पुरात हे गाव रिकामं करावं लागलं होतं. निघण्याआधी रस्ता खुला आहे का, आणि गावात थांबलेलं चालेल का, दोन्ही विचारून घ्या.